आक्कांची सव्वा मूठ

माझ्या सासूबाईंचं नाव ताईबाई, पण घरात आणि गावात त्यांना सगळे आक्का म्हणतात. आक्कांना जगात दोनच गोष्टींचा गर्व. एक म्हणजे आपण कधी आजारी पडत नाही, आणि दुसरी म्हणजे आपली मूठ. पहिल्या गोष्टीत फारसं तथ्य नव्हतं हे पुढे डॉक्टरांनी दाखवून दिलं. दुसरीबद्दल मात्र मलाही काही बोलता येत नाही, आणि बोलायची संधी मी सहसा सोडत नाही.

मूठ कसली ते आधी सांगते. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, जोडीला चण्याची डाळ. गिरणीवाला चक्की धुऊन-पुसून ठेवतो, दळण घरी येतं, पुरणपोळ्या होतात, आणि त्या घरच्यांनीच खायच्या. शेजारणीला वाटीभर पुरण द्यायचं नाही, पाहुण्याला पोळी नाही, पिठातला कोंडासुद्धा टाकायचा नाही. शिवाय पौर्णिमेच्या आत सगळं संपलं पाहिजे. सुरत, जळगाव, वरणगाव, जिथे कुठे भाऊबंद पोटापाण्याला गेले असतील तिथून ते आपापल्या वाट्याचं खायला धुळ्याजवळच्या आमच्या गावी येतात.

काही घरांत फक्त पुरुषांच्या मुठी मोजतात. आमच्याकडे सुना-नातींसकट सगळ्यांच्या. मी जळगावहून लग्न होऊन आले त्या श्रावणात आक्कांनी "सुलक्षणा" असं माझं नाव घेऊन परातीत मूठ सोडली, वर पाव मूठ टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आते तू आमनी व्हयनी," म्हणजे आता तू आमची झालीस. मंगळसूत्र, सप्तपदी, वरात हे सगळं त्याआधी होऊन गेलं होतं, पण आक्कांच्या लेखी ती नुसती तयारी होती.

मोजायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. आक्कांची मूठ अशी की ना एक दाणा इकडे, ना तिकडे. माझे सासरे, कौतिकआबा, यांनी एकदा हौसेने तो सव्वा मुठीचा गहू काट्यावर ठेवून पाहिला, तर आक्का आठवडाभर त्यांच्याशी खुणेने बोलत होत्या. आक्कांची धाकटी जाऊ भिकुबाई जळगावला राहते. तिला या मानाची फार ओढ. दर वर्षी मोजणीच्या वेळी ती हात स्वच्छ धुऊन, पदर खोचून परातीशेजारी येऊन बसते. कुणी विचारलं तर म्हणते, सहज बसले. आक्का तिच्याकडे बघतही नाहीत.

तर मागच्या श्रावणातली गोष्ट. मोजणी झाली, दळण आलं, आणि पिठाचे डबे बघून मी जरा चमकले. माणसं तीच होती, पीठ मात्र जवळजवळ दुप्पट. त्यात त्या वर्षी कानबाईचा रविवार उशिरा आला होता, म्हणजे पौर्णिमेला दिवस थोडेच उरले होते. घरातल्या बायकांनी पोळ्या लाटायला सुरुवात केली आणि पुरुषांनी खायला. पहिल्या दिवशी हसतखेळत चाललं. दुसऱ्या दिवशी पुरुष मंडळी ओटीवर आडवी झाली. माझा नवरा भूषण हिशेब करून खात होता, तो हिशेब विसरला. वरणगावचे चुलतसासरे रोज संध्याकाळी शेताच्या बांधापर्यंत चालून यायचे, का तर भूक लागावी म्हणून. आबांनी शेवटच्या दिवशी ताटातल्या पोळीला हात जोडले आणि मग ती खाल्ली.

एवढं पीठ आलं कुठून, यावर घरात एकमत झालं: कानबाई पावली, तिने रोट वाढवला. भिकुबाईने तर पिठाच्या डब्याला हळदकुंकू लावून नमस्कार केला. गावातल्या बायका डबा बघायला येऊन गेल्या. आक्कांनी हे सगळं कौतुक खाली मान घालून स्वीकारलं. देवीच्या नावाने का होईना, मोठेपणा त्यांच्याच मुठीला मिळत होता.

मी मात्र मोजणीच्या वेळी परात धरून बसले होते आणि देवीने काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आक्कांची मूठ वळतच नव्हती. बोटांची मुळं सुजून तांबूस झाली होती, म्हणून त्या उघड्या तळव्यावर गव्हाचा ढीग घेत होत्या आणि तोच परातीत ओतत होत्या. एकदा आमची नजरानजर झाली. त्या नजरेत असं काही होतं की मी परात धरून गप्प बसले. गप्प बसणं हे माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे ते मला चांगलंच लक्षात राहिलं.

मग मी आक्कांवर पाळत ठेवली. सकाळी उठल्यावर दोन्ही हात पदराखाली, ते चांगलं ऊन वर येईपर्यंत बाहेर निघत नसत. लोणच्याची बरणी आबांपुढे सरकवायच्या आणि वर म्हणायच्या, दखू बरं तुमना जोर. आबा बिचारे छाती फुगवून झाकण उघडून द्यायचे. आरतीला टाळ्या वाजवणं बंद झालं होतं, कारण म्हणे डोळे मिटूनच भक्ती चांगली होते. भाकरी तळव्याच्या मुळाने दाबून थापायच्या आणि ती जाड झाली की ज्वारीला नावं ठेवायच्या. या बाईने घरातली ज्वारी, बरणी, देव, सगळ्यांना बोल लावला, पण हाताचं नाव काढलं नाही.

दवाखान्याला त्या तयार होईनात. शेवटी मी सगळ्यांच्या जेवणाच्या वेळी शांतपणे सांगितलं की पुढच्या वर्षीही देवी अशीच पावली तर आबांचं काही खरं नाही. आबांनी घाबरून आक्कांकडे पाहिलं. आक्कांना कळलं की मी आता गप्प बसणार नाही. दुसऱ्या दिवशी भूषणने गाडी काढली आणि आम्ही धुळ्याला गेलो.

सांध्यांच्या डॉक्टर दीपमाला बागूल माझ्याहून लहान दिसत होत्या. आक्कांनी आधी त्यांचं वय काढलं, मग माहेर, मग बसल्या. डॉक्टरांनी दोन्ही हात हातात घेतले, एकेक सांधा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "आजी, मूठ वळा बरं."

अख्ख्या जगातून नेमकं हेच त्या बाईंनी विचारावं. आक्का ताठ झाल्या. "वळस ती," त्या म्हणाल्या. "पन आते माले वळावानी इच्छा नही."

डॉक्टर हसल्या नाहीत, म्हणून मला आवडल्या. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि हाताचा एमआरआयही काढून आणायला सांगितला. पुढच्या खेपेला त्यांनी ते चित्र पडद्यावर लावलं. हाताची हाडं काळसर दिसत होती, आणि बोटांच्या मुळाशी, हाडाच्या आत, पांढुरके डाग होते. त्या म्हणाल्या, हा आमवात आहे, म्हातारपणाची झीज नव्हे. सांध्याचं अस्तर बाहेरून सुजलंय, आणि हे डाग म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातली सूज.

मगज म्हटल्यावर आक्का दचकल्या. आमच्या घरात मगजाची ओळख म्हणजे आबा मटणाची नळी ताटावर आपटून तो ओढून खातात तेवढीच, आणि श्रावण अजून संपला नव्हता. आक्कांनी खिडकीतून आभाळाला हात जोडले.

मी बी.एस्सी. झालेली सून. सासरी माझ्या डिग्रीचा उपयोग आजवर गॅसची टाकी संपली की नाही हे ओळखण्यापुरता झालेला, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. डॉक्टरांनीही मन लावून सांगितलं. रक्तात फिरणाऱ्या राखणदार पेशी या मगजातच जन्माला येतात. बाहेरचा रोगजंतू ओळखायचा आणि त्याला हाणायचा हे त्यांचं काम. त्यातल्या काही पेशी जन्मतःच खुळ्या निघतात, घरच्यालाच चोर समजतात. एरवी मगजातच त्यांची पारख होते आणि बहुतेक खुळ्या तिथेच अडवल्या जातात. या आजारात तशा पुष्कळ निसटतात. सांध्यावर धावून जातात, आणि त्यातल्या काही मगजात येऊन ठाण मांडतात. तिथे बसून त्या आणखी राखणदारांना चिथावतात, मग हाड बाहेरून कुरतडलं जातं तसंच आतूनही पोखरलं जातं. असं का होतं याचं पूर्ण उत्तर अजून कुणाजवळ नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

आक्का इतका वेळ चित्राकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना यातलं काही कळलं नसणार. मग त्या हळूच बोलल्या. "म्हंजे मना हाडमाच जल्मले उनात, मनंच खातस, आन मालेच वळखतस नही."

डॉक्टर म्हणाल्या, बरोबर, अगदी असंच. आक्कांचा चेहरा एवढासा झाला. दुखण्याने झाला नव्हता तेवढा. रोग बाहेरून आला असता तर त्यांनी त्याला दोन शिव्या देऊन घालवला असता, पण हे घरचेच निघाले, त्यांना काय म्हणायचं. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली, आणि ती लपवायला मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

औषध सुरू झालं. एक गोळी आठवड्यातून एकदाच, रोज अजिबात नाही, हे डॉक्टरांनी तिघांकडून वदवून घेतलं. वार कोणता ते ठरवा म्हणाल्या. आक्कांनी रविवार ठरवला, कानबाईचा वार. आजार मुळापासून जाईलच असं नाही, पण खुळे राखणदार शांत बसतील. मात्र गोळीला गुण यायला महिने लागतील आणि ती मनाने बंद करायची नाही. आक्कांनी एकच प्रश्न विचारला: पुढच्या श्रावणापर्यंत मूठ वळेल का? डॉक्टर म्हणाल्या, बघू. आक्कांना बघू हा शब्द आवडत नाही. तो त्या स्वतः लोकांना वापरतात.

तेव्हापासून घरात ही हाडातली मंडळी राहायला आल्यासारखंच झालं. आक्का सकाळी अंथरुणात बसून हात शेकत त्यांना रागवायच्या, उठा आते, ऊन उनं. थंडीत हात जास्त दुखला की म्हणायच्या, आज त्यासनी बैठक शे. आबांना या मंडळींचा थोडा धाक वाटायचा. ते आक्कांच्या हाताजवळ हळू आवाजात बोलायचे.

संक्रांतीपर्यंत सूज उतरली. आक्कांनी तीळगुळाचे लाडू वळले, गोल, आणि प्रत्येकाला देताना हात जरा जास्तच पुढे केला. डॉक्टरांनी कणकेचा गोळा दाबायचा व्यायाम दिला होता. आक्का तो दाराशी बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा करायच्या. भिकुबाईचा जळगावहून फोन यायचा, आक्का, आते आराम करा, बठ्ठं आयुष्य मोजामा गयं. आक्का फोन ठेवून गोळा आणखी जोराने दाबायच्या.

इथेच माशी शिंकली. होळीला पाहुण्यांसमोर आक्कांनी मूठ वळून दाखवली, सगळ्यांनी वाहवा केली, आणि त्या भरात आक्कांनी गोळी बंद करून टाकली. कुणाला सांगितलं नाही. रविवारी गोळी तोंडात घातल्यासारखं करून पाणी प्यायच्या. बरं वाटतंय तर कशाला, आणि राखणदारांना किती दिवस दामटून ठेवायचं, तेही आपलेच ना, असा त्यांचा विचार. त्यांची ही दया त्या मंडळींना कळली नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली, माहेरवाशिणी झोके घेऊ लागल्या, आणि आक्कांना पाण्याचा तांब्या उचलता येईना. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांची मुळं टरारून सुजली.

पुन्हा धुळे. डॉक्टर दीपमाला रागावल्या, पण आवाज न चढवता, आणि तेच आक्कांना जास्त लागलं. गोळी पुन्हा सुरू झाली, आता ती माझ्यासमोर घ्यायची आणि नंतर जीभ दाखवायची. आक्कांनी जीभ दाखवली, पण माझ्याशी बोलणं सोडलं. नव्या चित्रात त्या दोन बोटांच्या मुळाशी हाड कुरतडलेलं दिसत होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, बाकीची बोटं सुधारतील, ही दोन पूर्ववत होणार नाहीत. मी आक्कांना ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण श्रावण जवळ आला तसा त्या दाराशी बसून गोळा दाबेनात. आत, देवघराच्या कोपऱ्यात बसून दाबू लागल्या.

नागपंचमी झाली. भाऊबंद जमले. मोजणीच्या सकाळी मी परात मांडली, शेजारी निवडलेल्या गव्हाचं सूप ठेवलं. भिकुबाई हात धुऊन, पदर खोचून जागेवर येऊन बसली. यंदा ती सहज बसली नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी दुप्पट पोळ्या खाल्लेली पुरुष मंडळीही ओटीवरून माना उंच करून बघत होती, त्यांची काळजी निराळी होती. आक्का आल्या, पाटावर बसल्या आणि भिकुबाईकडे पाहिलं. मी लग्न होऊन आल्यापासून मोजणीला त्यांनी तिच्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

मग त्यांनी सुपात हात घातला. तीन बोटं वळली. दोन तशीच ताठ राहिली, आणि त्या फटीतून गहू घरंगळू लागले. "कौतिक," आक्का म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्या वर्षातून एवढ्या एकदाच घेतात. मूठ परातीशी पोचेपर्यंत निम्मी झाली होती. आक्कांनी दात आवळले, पुन्हा हात घातला, पुन्हा तेच. रोटाचे गहू जमिनीवर सांडले तर चालत नाहीत. मला वाटलं, आता आक्का उठतील, आणि त्या उठल्या तर मला रडू येईल.

तेवढ्यात भिकुबाईने आपला धुतलेला हात पुढे केला. सुपात नाही घातला. तो तिने आक्कांच्या मुठीखाली धरला, ओंजळीसारखा, आणि सांडणारे गहू त्यात झेलले. आक्कांनी मूठ परातीत सोडली, मागोमाग भिकुबाईने आपला तळवा उलटा केला. मूठ पुरी झाली. वर पाव.

"दुसरं नाव घ्या, आक्का," भिकुबाई म्हणाली. "हात कितला येळ धरी ठेवू?"

मग आक्का नाव घेत गेल्या. दीर, मुलगे, सुना, नातवंडं, सुरतेला जन्मलेली आणि अजून गाव न पाहिलेली धाकटी पणती. वेळ लागला. दोघी घामाघूम झाल्या, आणि दोघींनीही एकमेकींची वाखाणणी मुळीच केली नाही. शेवटी आक्कांनी स्वतःचं नाव घेतलं. परात बघून ओटीवरच्या पुरुषांचा जीव भांड्यात पडला. मी परात उचलायला वाकले, तर आक्कांनी माझा हात बाजूला सारला आणि पुन्हा सुपात हात घातला.

भिकुबाईने सवयीने ओंजळ खाली धरली, पण बुचकळ्यात पडली. "हाई कोना नावनी?"

"मना हाडमजारला राखनदारस्नी," आक्का म्हणाल्या. "त्याबी याच घरना शेतस. आजपावत त्यासना वाटा कोनी काढा नही. मंग त्या घर कसं वळखतीन?"

ओटीवर भूषण फिस्सकन हसला आणि आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. भिकुबाईने विचार केला. प्रश्न रास्त होता, रोटाचे नियम तिलाही तोंडपाठ होते. तिने विचारलं, आन ते खाई कोन?

"मीच खासू," आक्का म्हणाल्या. "त्या कोठे जाई खातीन?" आणि परातीत सव्वा मूठ पडली.

बी.एस्सी. झालेल्या सुनेने यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी परात उचलून आत नेली. त्या रविवारी आक्कांनी माझ्यासमोर आपली गोळी घेतली, मी न सांगता जीभ दाखवली, आणि मग जेवायला बसल्या. स्वतःच्या वाट्याचं संपल्यावर त्यांनी ताटात आणखी एक पोळी वाढायला सांगितली. आबा म्हणाले, अर्धी माले दे. आक्का नाही म्हणाल्या. ती त्यांनी उजव्या हातानेच तोडली, तीन बोटांनी, सावकाश. घास तोंडाशी नेऊन त्या थांबल्या, न वळणाऱ्या त्या दोन बोटांकडे त्यांनी नीट पाहिलं आणि माझ्या पहिल्या श्रावणात मला सांगितलं होतं तसंच त्यांनाही सांगितलं.

"आते तुम्ही आमना व्हयनात."